पेशकारांची उंच पायरी

पेशकारांच्या खोलीत पहिल्यांदा जाणारा प्रत्येक माणूस पडत पडतच आत जायचा. मीही तशीच गेले. औरंगाबादेत औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराच्या खालच्या दोन खोल्या भाड्यानं मिळतील, असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं. नवऱ्याला बँकेतून सुट्टी मिळेना, म्हणून मी एकटीच विचारायला गेले. दार उघडंच होतं. आत अंधारा लाकडी जिना, दोन्ही बाजूंना भिंती आणि धरायला वरून सोडलेला एक जाडजूड दोर. शिडी चढावी तशी मी तो जिना चढले. संपला बाई एकदाचा, म्हणून पुढं पाऊल टाकलं, तर शेवटची पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा चांगली उंच निघाली. अंगठा ठेचकाळला आणि मी दोन्ही हात टेकून खोलीच्या दारात ओणवी झाले.

समोर खुर्चीवर बंद गळ्याचा सदरा, पायजमा आणि काळी टोपी घातलेले एक गृहस्थ ताठ बसले होते.

"राहू द्या, राहू द्या, एवढं कशाला?" ते म्हणाले. "औक्षवंत व्हा. बसा."

मला असा राग आला म्हणता! भाडं विचारायला आलेल्या बाईला पाया पडायला लावून वर आशीर्वाद देणारा मालक मला मुळीच पसंत नव्हता. पण खोल्या शाळेजवळ होत्या, मोरी स्वतंत्र होती, आणि खरं सांगायचं तर मालकाचं बोलणं गोड होतं. आम्ही राहायला आलो आणि चांगली बरीच वर्षं राहिलो.

त्यांचं नाव बळवंतराव नरवडे. मूळचे पाचोडकडचे, घर शेतीवाडीचं. शिक्षण सगळं उर्दूतून, कारण निजामाच्या राज्यात शाळाही उर्दू आणि कचेरीही उर्दू. महसूल कचेरीत साहेबापुढं कागद पेश करणारा तो पेशकार, आणि ती नोकरी त्यांना ऐन तरुणपणी लागली. पुढं पोलीस अॅक्शन झाली, निजाम गेला, कचेरीची भाषा बदलली, हुद्द्याचं नाव बदललं, ते निवृत्तही झाले. गल्लीनं मात्र त्यांना पेशकारच ठेवलं. त्यांनीही घराची कचेरी करून टाकली होती. सूनबाईंनी वांग्याची भाजी करू का विचारलं, तर "मंजूर." मुलानं टीव्ही घेऊ का विचारलं, तर "दाखल दफ्तर." जुन्या कचेरीत प्रकरण निकाली काढून कागद कपाटात टाकायचा झाला की हा शेरा मारत. पेशकारांनी तोंडानं हा शेरा मारला की त्या विषयावर घरात कुणी पुन्हा तोंड उघडायचं नाही. टीव्ही त्या घरात फार उशिरा आला.

घरात माणसं तीन. पेशकारांची बायको मी येण्याआधीच वारली होती. मुलगा विलास चितेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. पाळ्या करून करून सदा पेंगुळलेला, मनानं चांगला, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिच्याच मागं लागणारा. सून सुमन पाचोडजवळच्याच खेड्यातली. बोलायची कमी, बघायची जास्त.

त्या उंच पायरीबद्दल पेशकार दर पाहुण्याला वेगळी गोष्ट सांगत. एकाला सांगत, ती चोरपायरी आहे, रात्री चोर चढला तर तिथं आपटतो आणि घर जागं होतं. दुसऱ्याला सांगत, सुताराला सागवान कमी पडलं. तिसऱ्याला सांगत, वडिलांना ताठ मानेच्या माणसांचा राग होता. मी एकदा न राहवून विचारलं, "काका, यातलं खरं कोणतं?" तर म्हणाले, "ज्याला जे पटंल ते. पडल्यावर माणसाला कायतरी कारण लागतंच की."

आणि पायरी उंच आहे, जरा सांभाळून या, असं ते कधीही कुणाला आधी सांगत नसत. धडपडल्याचा आवाज झाला की मग मात्र मोठ्या अगत्यानं "या, या" म्हणत. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या काळात एक अधिकारी आला होता, तो यांना चारचौघांत टाकून बोलायचा. निवृत्तीनंतर त्याचंच जुन्या उर्दू कागदावरून काही अडलं, म्हणून तो विचारायला घरी आला. चढला आणि सरळ साष्टांग पडला. पेशकारांनी त्यालाही औक्षवंत व्हा म्हटलं आणि मग निवांत चहा पाजला. ही हकिगत ते इतक्या आनंदानं सांगत की शेवटी त्यांना खोकल्याची उबळ यायची.

जिना बरोबर माझ्या स्वयंपाकघरावरून जायचा. पोळ्या लाटताना डोक्यावर कोण चढतंय, कोण उतरतंय ते मला आवाजावरून कळायला लागलं होतं. पण पेशकारांचं ऐकणं त्याहून पुढचं होतं. पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय वाजले की ते वरून हाक मारत. "या हमीदभाई, घड्याळ घरीच विसरून आलात वाटतं!" किंवा "मास्तरीणबाई, आज शाळंत कुणावर चिडलात?" लोक थक्क व्हायचे. कचेरीत जन्म घालवलेला माणूस, माणसं ओळखणारच, असं म्हणायचे. मीही म्हणायची.

सकाळी शेजारच्या घड्याळवाल्या हमीदभाईंची नसीम उर्दू पेपर घेऊन यायची. ती कॉलेजात होती. "तलफ्फुज कच्चा हाय तुझा, उच्चार सुधार," असं सांगून पेशकारांनी तिला रोज पेपर मोठ्यानं वाचायला लावलं होतं. संध्याकाळी मराठी पेपर माझ्याकडं. "आमची मराठी कचेरी बदलल्यावर शिकलेली. जोडाक्षर आलं की आम्ही अडतो. तुम्ही वाचा, आम्ही ऐकतो." आणि ऐकता ऐकता माझ्याच वाचण्यातल्या चुका काढत. इथं थांबायला पाहिजे होतं, तिथं घाई केलीत. शाळेत मुलींचं वाचन मी तपासायची आणि घरी येऊन पेशकारांपुढं परीक्षा द्यायची. नसीमला आणि मला दोघींनाही वाटायचं, म्हाताऱ्याचा वेळ जातोय, जाऊ दे.

नसीमचा पेपर झाला की टोपी घालून, छत्री घेऊन ते जिना उतरत. छत्री बारा महिने हातात. ऐन थंडीत छत्री कशाला, असं विचारलं की म्हणत, "आभाळाचा काय भरवसा?" गल्लीच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात भिंतीकडची एक खुर्ची त्यांची. तिथं चार-पाच निवृत्त कारकून अर्धा अर्धा चहा पीत दुपारपर्यंत सरकार चालवत. पेशकारांशिवाय त्यांची मैफल सुरू व्हायची नाही. परतताना ते रमतगमत येत, दारात थांबून मला, "मास्तरीणबाई, आज देश सुखरूप आहे," असं सांगून वर जात. माझा सुट्टीचा दिवस त्या वाक्यानंच सुरू झाल्यासारखा वाटायचा.

एकदा सुमननं संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. वर बायकांची गर्दी, आणि संध्याकाळ कलताना लाईट गेली. त्या जिन्यानं अंधारात उतरायची कुणाची छाती होईना. लहान मुलं रडायला लागली. तेवढ्यात पेशकार आपल्या खोलीतून उठले, धाडधाड जिना उतरले, माझ्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवरचा कंदील काढला आणि तसेच वर घेऊन आले. कंदील विझलेलाच.

"अहो काका, पेटवायचा ना!" मी म्हटलं. बायका हसून हसून बेजार झाल्या.

"माझ्याच घरात मला कंदील कशाला?" ते म्हणाले आणि कंदील माझ्याकडं देऊन पुन्हा खोलीत जाऊन बसले.

नळ खाली अंगणात होता. पाणी भरून वर न्यायचं काम सुमनचं. भरलेली कळशी कमरेवर आणि एका हातात तो दोर, अशी ती चढायची. पावसाळ्यात एका सकाळी तिचा पाय घसरला. मी धावत गेले तेव्हा ती जिन्याखाली ओल्या साडीत बसली होती आणि घोटा हा एवढा सुजला होता. प्लास्टर घालावं लागलं. त्याच दिवशी विलासनं वडिलांपुढं विषय काढला. जिना काढायचा, सिमेंटचा करायचा, पायऱ्या बसक्या, मध्ये वळण, हाताला कठडा, वर ट्यूबलाइट. आता हा जिना माणसं मारील म्हणाला.

"दाखल दफ्तर," पेशकार म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा विलासनं ते ऐकलं नाही. रोज पाळीवरून आला की तोच विषय. पेशकार रोज नवं कारण काढत. सागवान आहे, असं लाकूड आता मिळत नाही. दिशा बदलली तर घराला लागतं. सिमेंटवर गुडघे दुखतात. सुमनसाठी वर नळ घ्या म्हणाले, मोटार बसवा म्हणाले, पण जिन्याला हात लावू नका. सुनेवर त्यांचा जीव होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्लास्टरमधल्या तिच्या पायासाठी ते स्वतः उशी नेऊन द्यायचे. मग हा हट्ट कशासाठी ते कुणालाच कळेना.

शेवटी हमीदभाई मध्ये पडले. एका शुक्रवारी नमाजहून येऊन त्यांनी विलासला बसवलं. मीही तिथं होते. ते म्हणाले, "तुला मालूम नाही बेटा. पोलीस अॅक्शनच्या टायमाला मी एवढासा होतो. आमचं सगळं घर, दादीसकट, इथं वर लपून होतं. तेव्हा जिन्यावर झडप होती, ती वरून लावून घेतली होती. आन तुझे अब्बा खालच्या पायरीवर सुपारी कातरत बसायचे. कोण आलं तर सांगायचे, वर सोयरे आलेत, बायामाणसं हायेत. दिवसभर बसायचे. या जिन्यानं आम्हाला जिवंत ठेवलं. ते कसे तोडू देतील?"

विलासची मान खाली गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी गोष्ट या माणसानं कधी कुणाला सांगितली नव्हती. पेशकार आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गल्लीभर त्यांच्या मोठ्या मनाची वाहवा झाली आणि जिन्याचा विषय काही दिवस खरोखरच बंद पडला.

पण लाकडाला माणसांच्या भावना कळत नाहीत. मी डाळ फोडणीला टाकत असताना कढईत वरून भुसा पडला. युसूफ मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी जिन्याखाली पेचकस खुपसला, तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. वाळवीनं सगळं पोखरलं होतं. "किसी दिन पूरा नीचे बैठेगा," मिस्त्री म्हणाले. आता विलास ऐकणार नव्हता, आणि त्याचं चुकतही नव्हतं. पाचोडला चुलतभावाच्या घरी लग्न होतं. पुतण्या जीप घेऊन आला आणि पेशकारांना आठ-पंधरा दिवस राहायला म्हणून घेऊन गेला. जीप वळली तसे मिस्त्रींचे गडी आत शिरले. घरच्यांची ये-जा हमीदभाईंच्या गच्चीवरून सुरू झाली. बसका जिना जास्त जागा खातो हे मला तेव्हा कळलं, कारण त्यानं माझ्या स्वयंपाकघराची एक बाजू खाल्ली. मी कुरकुरले, विलासनं भाडं वाढवणार नाही असं सांगितलं, मी गप्प बसले.

काम निम्म्यावर आलं असेल. विलासची दिवसपाळी होती. मी शाळेतून आले तर सुमन मिस्त्रींशी वाद घालत होती. मान वर न करणारी सुमन! तिचं प्लास्टर निघालं होतं, पण अजून ती जरा लंगडायची.

"भाभी, नक्को बोलो ऐसा," मिस्त्री हात जोडून म्हणत होते. "सब पायऱ्या एक सरखी आन आखरीवाली ऊंची? लोगां क्या बोलेंगे? युसूफ को हिसाब नई आता बोलेंगे. मेरा धंदा जाएगा."

"जाऊ द्या धंदा," सुमन म्हणाली. "मला ती पायरी होती तशीच पायजे."

मी म्हटलं, "अगं, त्याच पायरीच्या नावानं तर सगळे खडे फोडतात. नवीन जिन्यात ती कामून पाहिजे तुला?"

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि खाली विटांच्या ढिगावर बसली. "ताई, कुणाला बोलू नका. मामंजींना दिसत नाय."

मला आधी कळलंच नाही. कमी दिसतं, चष्मा लागेल, असं काहीतरी मी पुटपुटले.

"कमी नाय. नायच दिसत. लई दिवस झाले आसतील. माझा पाय मोडला तव्हा ह्यांनी ताट वाढलं मामंजींना. गडीमाणूस, कुठलं काय, कुठं बी वाढलं. मीठ भाजीच्या जागी, भाजी डाव्या अंगाला. म्या तिथंच बसलेली. मामंजींनी भाकरीचा तुकडा मोडला आन बराबर भाजीच्या जागी घातला. मिठाचा घास, ताई! गपकन खाल्ला. तोंड बी वाकडं केलं नाय. दुसरा घास बी तिथंच घालून बघितला, मग हळूच बोटानं ताट चाचपलं. तव्हा म्या वळखलं."

आपल्याकडं ताट वाढायची रीत ठरलेली. मीठ, लिंबू, चटणी डावीकडं, भाजी उजवीकडं, भाकरी समोर. सुमन रोज तशीच वाढायची, सासरी आलेली मुलगी कशाला चुकेल? त्या रितीच्या आधारानं हा माणूस इतके दिवस सगळ्यांच्या देखत जेवत होता. माझ्या डोळ्यांपुढून विझलेला कंदील गेला. बारमाही छत्री गेली. नसीमचा तलफ्फुज आणि माझी जोडाक्षरं गेली. पायांच्या आवाजावर माणसं ओळखणं गेलं. मला एकदम रडूच आलं.

"सांगत का नाहीत पण?" मी म्हटलं. "डॉक्टर आहेत, घाटीच्या दवाखान्यात दाखवता येईल."

"दावलं आसंल त्यांनी. गुपचूप. काचबिंदूच आसंल, त्यांच्या घरात हायच तो. पाचोडला थोरल्या मामंजींचे डोळे गेले तव्हा म्या पाह्यलंय. ओसरीत खाट टाकून दिली. उठू नका, पडताल. येऊ नका, लागंल. मान्सं त्यांच्या म्होरं बसून बोलायची, पन त्यांच्याशी नाय. खाटंला ताट, खाटंला पानी. जितं मानूस सामानावानी ठिवलं. आमचे मामंजी ते बगून आलेत. म्हून बोलत नायत. ह्यांना कळलं तर हे बी लई माया करतील, आन खाली उतरूच देनार नायत."

मिस्त्री पाटी बाजूला ठेवून ऐकत उभे होते.

"बाकी जिना कसा बी करा," सुमन त्यांना म्हणाली. "कठडा हाय, वळण हाय, त्ये शिकतील. पन जिना संपला कुठं, ह्ये त्यांना ती पायरीच सांगती. वर जाताना बी, उतरताना बी. ती नसली तर पहिल्याच दिशी हवेत पाय टाकतील आन पडतील. समद्यांच्या म्होरं."

युसूफ मिस्त्रींनी डोक्याला बांधलेला रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला. "ठीक है," ते म्हणाले. "हमारा नाम खराब हुआ तो हुआ."

पेशकार परतले त्या दिवशी विलासनं सुट्टी काढली होती. बापाला खूश करायचं त्याच्या मनात होतं बिचाऱ्याच्या. दाराला तोरण, नारळ, पेढे. हमीदभाई, नसीम, हॉटेलातली मंडळी, अर्धी गल्ली गोळा झाली. जीपमधून उतरल्या उतरल्या त्यानं सांगून टाकलं. "आबा, जिना नवा केलाय. रागावू नका. आधी तुम्ही चढा, मग आम्ही."

पेशकारांचा चेहरा पांढरा पडला. रागानं, असं लोकांना वाटलं असेल. मी त्यांच्या शेजारी होते. छत्रीचं टोक ते जमिनीवरून हळूहळू फिरवत होते. ते दारातून आत आले, पहिल्या पायरीशी उभे राहिले आणि उभेच राहिले. सवयीनं हात वर गेला, दोर शोधायला. दोर नव्हता.

"उजेड बघा आबा किती पडलाय," विलास म्हणाला. "डोळे झाकून चढाल आता."

तेवढ्यात वरून सुमनचा आवाज आला. हातात आरतीचं ताट घेऊन ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती आणि तिनं मिस्त्रींना फैलावर घेतलं होतं. तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं.

"काय मिस्त्री, काम केलं का खेळ? पायऱ्या बसक्या केल्या, बरं झालं. मधी डाव्या हाताला वळण दिलं, बरं झालं. उजव्या अंगाला कठडा पार वरपातूर आनला, त्ये बी बरं झालं. पन शेवटची पायरी कामून उंच ठिवली? होती तश्शीच? येवढं सांगून बी तुमाला जुनीच सवय का?"

"गलती हो गई भाभी," मिस्त्री मान खाली घालून म्हणाले.

"कसली गलती! आता जल्मभर मान्सं पडनार इथं!"

विलास मिस्त्रींच्या अंगावर धावून गेला. हमीदभाईंनी त्याला आवरलं. लोक हसायला लागले. या गलबल्यात पेशकारांकडं माझ्याशिवाय कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी मान किंचित वर केली होती, आवाजाच्या दिशेनं, आणि ते ऐकत होते. छत्रीचं टोक थांबलं. मग त्यांचा उजवा हात कठड्यावर गेला आणि ते चढायला लागले. हळू, पण चाचपडत नाही. वळणाशी क्षणभर थांबले, डावीकडं वळले. पुढं एकेक पायरी. वरती एका जागी त्यांनी पाऊल टाकलं आणि ते खालच्या पायऱ्यांपेक्षा उंच थांबलं, बरोबर पायरीवर. दुसरा पाय वर आला. ते खोलीच्या जमिनीवर उभे होते.

सुमननं त्यांना ओवाळलं. त्यांनी टोपी सरळ केली, लोकांकडं तोंड केलं आणि म्हणाले, "मंजूर."

टाळ्या पडल्या. पेढे वाटले गेले. ती पायरी तोडून नीट करा, असं विलासनं पुन्हा पुन्हा सांगितलं. मिस्त्री म्हणाले, आता हात लावला तर वरच्या खोलीची फरशी उखडेल. त्यांचं नाव मात्र खरंच खराब झालं. पुढं कित्येक दिवस गल्लीत कुणाचं काम चुकलं की लोक म्हणायचे, युसूफचा जिना झाला. पेशकारांसमोर कुणी असं बोललं तर ते भडकायचे. "त्याच्यासारखं काम औरंगाबादेत कुणी केलं नाय," म्हणायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा उपरोधानं बोलतोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पेपर घेऊन वर गेले. सुमननं चहा आणला. कप त्यांच्या हाताशी ठेवून ती वळली, तेव्हा ते म्हणाले, "सुमन, कधीपासून?"

"मिठापासून," ती म्हणाली.

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "लई खारट होतं." आणि त्यांना हसू फुटलं. सुमनही पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. मी पेपरची घडी मोडत बसले. थोड्या वेळानं ते मला म्हणाले, "वाचा मास्तरीणबाई. आन जोडाक्षरं सांभाळून."

विलासला त्यांनी पुढं आपणहून सांगितलं. पण ते दुसरी दिवाळी झाल्यावर. तोवर ते त्या जिन्यानं रोज उतरत होते, रोज चढत होते, हॉटेलातली खुर्ची चालू होती. विलास हबकला, रडला, आता खाली जाऊ नका म्हणाला. "दाखल दफ्तर," पेशकार म्हणाले. इतके दिवस न पडलेल्या माणसाला खाटेवर कोण बसवणार?

नंतर आम्ही मुकुंदवाडीकडं स्वतःचं घर बांधलं. जायचं, जायचं म्हणताना दिवस कसे जातात ते सगळ्यांनाच माहीत आहे. सणाला नसीम भेटली तर खुशाली कळायची, तेवढंच. एका सुट्टीत मात्र मी ठरवून गेले. गल्लीत स्कूटरींची गर्दी वाढली होती. दार तसंच उघडं. मी कठडा धरून चढले, वळण घेतलं, मनात काय काय बोलायचं ते जुळवत होते. शेवटी पाऊल टाकलं आणि अंगठा फाडकन आपटला. दोन्ही हात टेकून मी खोलीच्या दारात ओणवी झाले, अगदी पहिल्या दिवसासारखी.

"या, या," आतून आवाज आला. "सुमन, चहा टाक. कुणीतरी नवीन पाहुणे आलेत."

तेवढं ऐकलं आणि मला आत कुठंतरी फार लागलं. याच जिन्यावर ते माझा राग माझ्या पावलांवरून ओळखायचे. मी हाक मारली. "काका, मी आहे."

खुर्चीत ते वाळून एवढेसे झाले होते. टोपी तशीच, छत्री खुर्चीला टेकलेली. क्षणभर त्यांनी कान दिला आणि त्यांचं सगळं तोंड हसलं. "मास्तरीणबाई! पायरी विसरलात व्हय?"

मग चहा झाला, गप्पा झाल्या. त्यांनी पेपर मागवला आणि मला वाचायला लावला, चुका काढल्या. सुमननं माझी ओटी भरली. निघायला उठले तशी ते छत्री घेऊन उठले. खालपर्यंत येतो म्हणाले. मी नको नको म्हटलं. सुमन नुसती बाजूला झाली.

ते माझ्यापुढं झाले. जिन्याच्या तोंडाशी क्षणभर थांबून त्यांनी पहिलं पाऊल खाली सोडलं, खोल, बरोबर तितकंच. दोन्ही पाय खाली टेकले, तसे ते वळले. पायरीबद्दल कुणालाही कधी आधी न सांगणाऱ्या त्या माणसानं न दिसणारे डोळे माझ्या दिशेला लावून हात वर केला.

"सांभाळून हं," पेशकार म्हणाले. "इथं खोल हाय. धरा."

मी त्यांचा हात धरून उतरले.